ओझे आणि ते वाहणारा

इंग्रजीतला 'बर्डन' हा शब्द रोजच्या वापरातला आहे. डोक्यावरचे गाठोडे, कराचा बोजा, मनावरचे दडपण, न्यायालयात एखादी गोष्ट शाबित करण्याची जबाबदारी, या सगळ्यांसाठी तो चालतो. 1872च्या भारतीय पुरावा अधिनियमात शाबितीच्या जबाबदारीचे जे प्रकरण होते, त्याच्या शीर्षकातही हाच शब्द होता. एवढी कामे करणाऱ्या या शब्दाचे मूळ मात्र साधे आहे: जे उचलून न्यायचे ते. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'बिर्थेन' असे होते. पुढे त्याचे 'बर्दन' झाले. हे जुने रूप, विशेषतः जहाजात किती माल मावतो हे सांगताना, एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकून राहिले. गाण्याच्या ध्रुवपदालाही इंग्रजीत 'बर्डन' म्हणतात, पण तो शब्द फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ गुणगुण, घुमणारा आवाज. दोघांचे नाते केवळ उच्चारापुरते आहे.

ओझ्याच्या अर्थाचा 'बर्डन' निघाला 'बेअर' या क्रियापदाच्या कुळातून. 'बेअर' म्हणजे वाहणे, सोसणे आणि जन्म देणेही. जन्माला इंग्रजीत 'बर्थ' म्हणतात, तोही याच धातूचा. संस्कृत वाचणाऱ्याला हे कुळ परके वाटणार नाही, कारण संस्कृतातला 'भृ' धातू आणि 'बेअर' हे एकाच प्राचीन मुळाचे दोन फाटे आहेत. मूळचा 'भ' जर्मानिक भाषांमध्ये नियमाने 'ब' झाला, तर ग्रीक आणि लॅटिनमध्ये तोच शब्द 'फेरो' असा दिसतो. भार, भर्ता, भार्या, भृत्य, कार्यभार आणि उपकारांचे ओझे मान्य करणारा आपला 'आभार' हे सगळे त्या 'भृ'चे वंशज आहेत. दुःख भोगण्यासाठी इंग्रजीत असलेला 'सफर' हा शब्द लॅटिनच्या 'फेरो'पासून आला, आणि त्याचा मूळ अर्थ खालून तोलून धरणे असा आहे. वाहणे, पोसणे, पोटात वाढवणे आणि सोसणे हे चारही अर्थ त्या प्राचीन धातूच्या पोटात एकत्र नांदतात.

भाषेतले हे एकत्र नांदणे जगण्यातही दिसते. तमिळ मुलुखात जुन्या वाटांच्या कडेला 'सुमैदांगी' नावाचे दगड आढळतात. दोन उभ्या शिळा, त्यांवर एक आडवी शिळा आणि उंची माणसाच्या खांद्याएवढी. डोक्यावर ओझे घेऊन चालणाऱ्याने तिथे थांबावे, भारा आडव्या शिळेवर सरकवावा, दम खावा आणि कोणाच्या मदतीवाचून तो पुन्हा डोक्यावर घेऊन निघावे, यासाठी त्यांची योजना होती. केरळात अशाच दगडांना 'अत्ताणी' म्हणतात. तमिळ भागात अनेक ठिकाणी हे दगड गरोदरपणी मरण पावलेल्या स्त्रीच्या स्मरणार्थ उभारले जात. जिचे ओझे उतरायचे राहून गेले, तिच्या नावाने वाटसरूचे ओझे उतरावे, हा त्यामागचा भाव. जड ओझे डोक्यावर असलेल्या माणसाला चालणे एकट्याने जमते. उचलताना आणि उतरवताना मात्र दुसऱ्याचा हात लागतो. ज्याने बाजारात हमालांना पोती उचलताना पाहिले आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. धर्मग्रंथांतले ओझ्याविषयीचे बरेचसे चिंतन याच दोन क्षणांभोवती फिरते.

डोंगरावर पडलेल्या दगडाला वजन असते, पण तो कोणाचे ओझे नसतो. कोणीतरी तो उचलल्याशिवाय त्याला ओझे म्हणता येत नाही. म्हणूनच पापाला, कर्तव्याला, देहाला किंवा आयुष्यालाच ज्यांनी ओझे म्हटले, त्यांना पुढचे प्रश्न टाळता आले नाहीत: ते वाहतो कोण, आणि एकाचे ओझे दुसऱ्याला घेता येते का? या प्रश्नांची उत्तरे धर्मांनी फार वेगवेगळी दिली.

हिब्रू बायबलमध्ये उचलण्या-वाहण्यासाठी 'नासा' हा धातू आहे. क्षमा करण्यासाठीही तोच वापरतात, कारण क्षमा म्हणजे पाप उचलून दूर नेणे. लेवीय ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी सांगितला आहे. मुख्य याजक जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतो, सगळ्या लोकांचे अपराध उच्चारून कबूल करतो, आणि ते अपराध वाहून नेणारा तो बकरा रानात सोडून दिला जातो. पाप येथे खरोखरच एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाते. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात मात्र तोच धातू उलट बाजूने उभा राहतो: बापाच्या अपराधाचा भार मुलगा वाहणार नाही आणि मुलाचा बाप वाहणार नाही. एकाच परंपरेत ही दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही गंभीरपणे दिलेली आहेत. गणना या ग्रंथात मोशे देवाकडे तक्रार करतो की, या लोकांना जन्म मी दिला काय, म्हणून दाई तान्ह्याला छातीशी धरते तसे यांना मी वाहावे? देव त्याला लोकांतले 70 वडीलधारे निवडायला सांगतो, म्हणजे भार एकट्यावर राहणार नाही. तिथे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर टाकलेले नाही, वाटून घेतलेले आहे.

याच 'नासा'पासून 'मास्सा' हा शब्द झाला. त्याचा अर्थ ओझे असा आहे आणि संदेष्ट्याने सांगितलेली देववाणी असाही. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये यशयाच्या ग्रंथातल्या 'मास्सा'चे भाषांतर 'बर्डन' असे आहे, आणि त्याची बाबेलविषयीची वाणी इंग्रजी वाचकाला बाबेलचे ओझे म्हणून भेटली. पुढच्या भाषांतरकारांनी देववाणी हा अर्थ घेतला. तरी जुन्या भाषांतरात एक सत्य होते. यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायात लोक चेष्टेने नवी देववाणी कोणती म्हणून विचारतात, तेव्हा हाच दुहेरी अर्थ पुढे येतो आणि देव त्यांना तो शब्द तोंडातून काढायलाच मनाई करतो. ज्याच्यावर देवाचे बोलणे सांगायची वेळ येते, त्याला ते हलके वाटत नाही.

पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात हा प्रश्न सर्वांत थोडक्यात येतो. दुसऱ्या वचनात तो एकमेकांची ओझी वाहायला सांगतो, आणि पाचव्या वचनात प्रत्येकाने आपला भार आपणच वाहायचा आहे असेही सांगतो. मूळ ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. पहिला 'बारोस', म्हणजे दडपून टाकणारे वजन. संस्कृत 'गुरु' हा त्याचा सगोत्र. दुसरा 'फोर्तिओन', म्हणजे नेमून दिलेला भार; जहाजातल्या मालालाही तोच शब्द असे, आणि तो 'भार'च्या कुळातला. संकटाच्या वजनाखाली कोणी चिरडून जाऊ नये म्हणून इतरांनी खांदा द्यायचा, पण आपल्या वाट्याचे कर्तव्य आणि त्याचा जाब दुसऱ्याकडे देता येत नाही. हा अर्थ दोन्ही वचनांना न्याय देतो. येशूने थकल्याभागल्यांना जे ओझे हलके आहे म्हणून सांगितले, तेही मत्तयाच्या ग्रंथात 'फोर्तिओन'च आहे. ओझेच राहणार नाही, असे त्याने म्हटलेले नाही.

कुराणाने या प्रश्नावर तडजोड ठेवली नाही. कोणताही भारवाहक दुसऱ्याचा भार वाहणार नाही, हे विधान कुराणात पाच ठिकाणी येते. तिथला 'विझ्र' हा शब्द ओझे आणि पाप या दोन्ही अर्थांचा आहे. अरबी कोशकार 'वजीर' हा शब्दही त्याच्यापासूनच सांगतात: राज्याचा भार वाहणारा. ता-हा या सूरेत मूसा आपल्या भावाला, हारूनला, आपला वजीर करावे म्हणून प्रार्थना करतो. म्हणजे कामाचा भार वाटता येतो, पापाचा नाही. वाहण्यासाठी अरबीत 'हम्ल' हा आणखी एक शब्द आहे, आणि मराठीतला 'हमाल' त्याच्याच मुळातून आलेला. अल-अहझाब या सूरेत आकाश, पृथ्वी आणि पर्वत यांच्यापुढे एक अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, ठेवली जाते. ती वाहायला ते घाबरून नकार देतात आणि माणूस ती उचलतो. अल-जुमुआ या सूरेत धर्मग्रंथ मिळूनही त्याप्रमाणे न वागणाऱ्यांना पुस्तके वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे. यास्काच्या 'निरुक्त' या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तिग्रंथातही वेद पाठ करून अर्थ न जाणणाऱ्याला 'भारहार', म्हणजे नुसता ओझे वाहणारा खांब, म्हटले आहे. वाहणे पुरेसे नाही, आपण काय वाहतो हे वाहणाऱ्याला कळले पाहिजे, ही अपेक्षा दोन्हीकडे सारखीच आहे.

भारतीय भक्तिमार्गाने उतरवण्याच्या क्षणावर भर दिला. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात अनन्यभक्ताचा योगक्षेम देव स्वतः वाहतो असे आश्वासन आहे, आणि मराठीत 'देवावर भार टाकणे' हा बोलण्यातला रोजचा प्रयोग झाला आहे. या कल्पनेची सर्वांत काटेकोर चर्चा झाली ती रामानुजांच्या श्रीवैष्णव परंपरेत, तमिळ देशात. तिथे शरणागतीचे पारिभाषिक नावच 'भरन्यास' किंवा 'भरसमर्पण' आहे. वेदान्तदेशिक (1268–1369) यांच्या मते आपल्या रक्षणाचा भार जीवाने एकदा, जाणूनबुजून, देवाच्या चरणी ठेवावा लागतो. एकदा ठेवला की पुन्हा ठेवायचा नाही, कारण पुन्हा ठेवणे म्हणजे पहिल्या ठेवण्यावर अविश्वास. पिळ्ळै लोकाचार्यांच्या परंपरेने याच्याही पुढचा आक्षेप घेतला. जीव मुळातच देवाचा आहे. मग त्याच्या रक्षणाचा भार जीवाचा होताच कधी? 'मी ठेवला' असे म्हणण्यातच तो भार माझा होता हा दावा राहून जातो. पहिल्या पक्षाला वडकलै आणि दुसऱ्याला तेन्कलै ही नावे पडली. आईला घट्ट धरणारे माकडाचे पिल्लू आणि आईने तोंडात धरून नेलेले मांजरीचे पिल्लू, या दोन न्यायांनी हा वाद सगळीकडे ओळखला जातो. तेन्कलै पक्षाचे तर्कबळ मोठे आहे, पण वडकलै पक्षाला माणसाची अडचण जास्त कळली आहे. ज्याला ओझे जाणवते आहे, त्याला ते कधी तुझे नव्हतेच असे सांगून त्याची मान हलकी होत नाही.

बौद्ध परंपरेने प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. पाली त्रिपिटकातल्या संयुत्तनिकायाच्या खन्धसंयुत्तात 'भारसुत्त' नावाचे एक छोटे सुत्त आहे. श्रावस्तीत बुद्ध भिक्षूंना चार गोष्टी सांगतात: भार, भार वाहणारा, भार उचलणे आणि भार खाली ठेवणे. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान हे आसक्तीने धरलेले पाच स्कंध म्हणजे भार. पुनर्जन्माकडे नेणारी तृष्णा म्हणजे भार उचलणे. त्या तृष्णेचा निःशेष निरोध म्हणजे भार खाली ठेवणे. आणि भार वाहणारा? 'पुग्गल', म्हणजे व्यक्ती. अमुक नावाचे, अमुक गोत्राचे आयुष्मान.

या एका उत्तराने कित्येक शतकांचा वाद उभा केला. बुद्धाची शिकवण अनात्मवादी. पाच स्कंधांपलीकडे 'मी' म्हणून काही सापडत नाही, हे तिचे मर्म. पण सगळे पाच स्कंध ओझ्यात गेले, तर ते वाहणारा उरला कोण? वात्सीपुत्रीय नावाच्या संप्रदायाने या सुत्ताचा आधार घेऊन सांगितले की पुद्गल (पालीतला 'पुग्गल') खरोखर आहे. तो स्कंधांहून वेगळा म्हणता येत नाही आणि स्कंध म्हणजेच तो असेही म्हणता येत नाही. इंधन आणि अग्नी यांच्या नात्यासारखे ते नाते आहे, आणि त्याला 'अवक्तव्य' म्हणावे. त्यांना हा सिद्धांत हौसेने सुचलेला नव्हता. कर्म एकाने करायचे आणि फळ दुसऱ्याने भोगायचे असे होऊ नये, आणि मैत्रीची भावना करायची तर ती ज्याच्याविषयी करायची असा कोणी असावा, ही त्यांची तळमळ होती.

बाकीच्या संप्रदायांनी हे मत फेटाळले. स्थविरवाद्यांच्या 'कथावत्थु' या वादग्रंथाची सुरुवातच पुद्गलाच्या खंडनाने होते. परंपरा तो ग्रंथ अशोकाच्या काळातल्या मोग्गलिपुत्त तिस्स यांचा मानते. सर्वांत गाजलेले खंडन बौद्ध आचार्य वसुबंधूंच्या 'अभिधर्मकोशभाष्या'च्या नवव्या भागात आहे. त्यांचे म्हणणे असे की, भार वाहणाऱ्याचे वर्णन सूत्राने नाव, गोत्र, आहार, सुखदुःख, आयुर्मान अशा व्यवहारातल्या खुणांनी केले आहे, ते 'व्यक्ती' ही केवळ व्यवहाराची संज्ञा आहे हे कळावे म्हणूनच. आणि भार वाहणारा भाराहून वेगळा मानायचा, तर भार उचलणारी तृष्णाही वेगळी मानावी लागेल. पण तृष्णा तर स्कंधांतलीच आहे. म्हणून आधीचे स्कंध नंतरच्या स्कंधांना पीडा देतात, तेव्हा आधीच्यांना भार आणि नंतरच्यांना वाहक म्हटले, एवढेच. कर्माच्या फळाचेही असेच: बी, अंकुर, फूल आणि फळ यांत एकच वस्तू शेवटपर्यंत टिकत नाही, तरी त्या बीचे फळ त्याच झाडाला लागते.

आत्मा मानणाऱ्या न्यायदर्शनाच्या उद्द्योतकरांनी 'न्यायवार्त्तिका'त हेच सूत्र बौद्धांवर उलटवले: तुमच्याच शास्त्रात भार वाहणारा सांगितला आहे, मग आत्मा नाही कसे म्हणता? त्यांच्या हाती हे शस्त्र सूत्राच्या शब्दरचनेनेच दिले होते, हे मान्य केले पाहिजे. वसुबंधूंचे उत्तर तर्काच्या दृष्टीने सरस आहे, पण ते सूत्राचा सरळ अर्थ बाजूला सारून मिळवलेले आहे. वात्सीपुत्रीयांचे वाचन सूत्राच्या शब्दांना जवळचे आहे, पण एका शब्दाच्या बळावर त्यांनी फार मोठी वस्तू उभी केली. सूत्राचा स्वतःचा रोख मात्र दोघांच्या वादापेक्षा शेवटच्या पायरीकडे आहे. पाली ग्रंथांत अर्हताचे, म्हणजे मुक्त झालेल्या साधकाचे, नेहमीचे एक विशेषण आहे 'ओहितभार', ज्याने भार खाली ठेवला आहे तो. भार ठेवल्यावर वाहणारा मागे उरतो की नाही, हे त्या विशेषणात सांगितलेले नाही.

वाहक नाही असे मानले, तर माणसाला दुसऱ्याच्या दुःखाची पर्वा का असावी? आठव्या शतकातले बौद्ध आचार्य शांतिदेव यांनी 'बोधिचर्यावतारा'च्या आठव्या प्रकरणात या प्रश्नाची दिशाच बदलली. दुःखाला कोणी धनीच नसेल, तर हे माझे दुःख आणि ते तुझे, असा भेद करायला आधार उरत नाही. मग दुःख दुःख आहे एवढ्याच कारणाने ते दूर केले पाहिजे, कोणाचेही असो. ओझे आपापलेच, ही कुराणाची आणि यहेज्केलाची भूमिका न्यायाचे रक्षण करते. शांतिदेवांची भूमिका करुणेचे रक्षण करते आणि जबाबदारीचा प्रश्न अर्धवट ठेवते. तो प्रश्न वात्सीपुत्रीयांनी सोडला नव्हता, आणि त्यांच्या मताला इतर बौद्धांनी पाखंड ठरवले तरी त्यांचा प्रश्न खोटा ठरत नाही.

वात्सीपुत्रीयांच्या कुळातून पुढे धर्मोत्तरीय, भद्रायणीय, सम्मितीय अशा शाखा निघाल्या. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू युआन श्वांग भारतात आला, तेव्हा पश्चिम भारतातल्या विहारांमध्ये सम्मितीयांची संख्या मोठी होती. महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधीपासून हे लोक होते. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका स्तंभाच्या लेखात सोपाऱ्याच्या धर्मोत्तरीय भाणकाच्या, म्हणजे धर्मग्रंथांचे पठण करणाऱ्या भिक्षूच्या, दानाची नोंद आहे. कान्हेरीच्या लेखांत भद्रायणीयांचे नाव येते. नाशिकच्या पांडवलेण्यांतले तिसरे लेणे गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी, भद्रायणीय भिक्षूंना दिले. या संप्रदायांचे बहुतेक मूळ ग्रंथ नष्ट झाले आहेत. जे थोडे उरले ते मुख्यतः चिनी भाषांतरांत आहेत, आणि त्यांच्या बऱ्याचशा मतांची माहिती ती खोडून काढणाऱ्यांच्या पुस्तकांतूनच मिळते. नाशिकचा तो लेख मात्र लेण्याच्या भिंतीवर अजून वाचता येतो.